मान हलवायची नाही

आमचे हे न्हावी. एकदा डोकं ह्यांच्या हाती आलं की मान हवी तिकडे वळलीच पाहिजे, गिऱ्हाईक कितीही आडमुठं असो. पण दोन वर्षं दुकानाचं शटर खाली आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. डिप्रेशनच्या गोळ्या बदलून बदलून डॉक्टर थकले, तेव्हा म्हणाले, "आता चुंबकाची ट्रीटमेंट करून बघू. डोक्याला मशीन टेकवून मेंदूच्या ठरावीक भागाला टकटक द्यायची. भूल नाही, पण सहा आठवडे जवळजवळ रोज यायचं."

मी म्हटलं, करूच. हे म्हणाले, "कशाला?" त्या दिवसांत ह्यांचं तेवढंच बोलणं होतं.

तिसऱ्या आठवड्यातही फरक शून्य. "बंद करू या," हे खुर्चीत बसता बसता म्हणाले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ह्यांना रोज घराबाहेर काढताना माझ्या नाकी नऊ येत होते. आता माघार घेणारी मी नव्हे.

मशीन चालवणाऱ्या ताईंनी ह्यांना घातलेल्या टोपीवरची खूण बघून मशीन टेकवलं, टकटक सुरू केली आणि लगेच थांबवली. "काका, तुम्ही मान वळवताय. खूण सुटतेय."

हे गोंधळले. मला मात्र लख्ख कळलं. डोक्याला हात लागला की मान द्यायची, हे सलूनचं वळण! शहाण्या गिऱ्हाइकासारखे हे हळूच मान तिरकी करत होते, ताईंना सोयीचं व्हावं म्हणून.

"म्हणजे सगळे दिवस पाण्यात?" मी ताईंवरच उखडले.

"सगळे नाही. मान इतकी हळू वळते की आजवर ध्यानात आलं नाही. पण किती नेमकं लागलं, सांगता येणार नाही. राहिलेले नीट करू."

रडू येत होतं, पण रडत बसायला वेळ कुणाला होता? दुसऱ्या दिवसापासून मी समोर उभी. "अहो, मान सरळ. हनुवटी खाली. हललात बघा!" ताई हसायच्या, हे डोळे मिटून घ्यायचे.

पाचव्या आठवड्यात मी असंच तोंड उघडलं आणि ह्यांचा आवाज चढला. "अगं, जन्म गेला माझा लोकांच्या माना धरण्यात! तू शिकवणार मला? जा, बाहेर बस!"

मी बाहेर आले. दोन वर्षांत ह्यांना माझा राग आला नव्हता. भाजी करपली तरी नाही, मी समोर रडले तरी नाही. बाकावर बसून मी तोंडाला रुमाल लावला.

डॉक्टर जाता जाता थांबले. "काय झालं?"

"भांडले माझ्याशी," मी म्हटलं आणि हुंदका काही आवरेना. "उद्यापण आणते त्यांना."