सरावाच्या कप्प्यातली पहिली नोंद

मी एक नोंद बोलतेय. वहीतली नव्हे, कागद मी कधी पाहिलाच नाही. काय झालं, कुणी केलं, कधी केलं आणि मला कुठे टाकायचं, एवढ्या चार ओळी म्हणजे मी. माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला, चहाच्या कपाशेजारी.

मला लिहिलं घरातल्या लेकीनं. तिची आई शाळेतून निवृत्त झाल्यापासून मुलांच्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. अडगळीच्या खोलीत, दाराला रजई टांगून, म्हणजे कुकरची शिट्टी आत यायला नको. लेकीनं त्या गोष्टींची वेबसाइट काढली. पण कुणी ऐकतं का, हे कसं कळणार? म्हणून तिनं एका मोजणीच्या सेवेत खातं उघडलं. कुणी ‘ऐका’ हे बटण दाबलं, की माझ्यासारखी एक नोंद आपोआप तिकडे धावत जाणार, अशी योजना.

पहिल्या खेपेला मला दारातूनच परत पाठवलं. लेक वेळ लिहायला विसरली होती. दुसऱ्यांदा उत्तर आलं, ‘मिळाली’.

"आई, पोचली गं!" लेक ओरडली.

"कोण, तुझी आत्या?" आईनं घाबरून विचारलं.

तिकडे आमच्यासाठी दोन कप्पे होते. एक सरावाचा, एक खरा, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी; नोंदीवर ज्या कप्प्याची किल्ली लिहिलेली, तिथे ती पडणार. मी चाचणीची, म्हणून सरावाच्या कप्प्यात पडले. एकटीच होते. पण तिसऱ्या दिवसापासून धडाधड नोंदी येऊन पडू लागल्या.

"तुम्हीपण चाचणीच्या का?" मी विचारलं.

"छे! कुणीतरी खरंच गोष्ट ऐकली म्हणून आम्ही आलो."

मग माझ्या लक्षात आलं. साइट सुरू करताना लेक सरावाची किल्ली बदलायलाच विसरली होती!

लेकीच्या लॅपटॉपवर माझा कप्पा उघडाच होता, दहा-बारा पानांच्या मागे दडलेला. तिथून घरातलं सगळं ऐकू यायचं. आई रोज जेवणानंतर खरा कप्पा बघायची. शून्य. लेकीनं तिला बजावलं होतं, "तू स्वतः बटण दाबायचं नाहीस हं, आकडा फुगेल." आई शब्दाची पक्की. तिनं एकदाही दाबलं नाही.

महिना सरता सरता ती म्हणाली, "पुरे झालं. उद्या ती रजई काढून पलंगावर टाकते. भिंतींना गोष्टी सांगायची हौस नाही मला."

मी आतून ओरडत होते. पण कुणी विचारल्याशिवाय नोंदीला माणसांशी बोलता येत नाही.

तेवढ्यात बाबांनी पेपर खाली ठेवला. "शून्य कसं असेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे... मी रोज दाबतोय. सकाळी फिरायला जातो तेव्हा."

"अहो! तिनं नको म्हटलं होतं ना?"

"तुला म्हटलं होतं. मला कुठे म्हटलं?"

लेक मात्र हसली नाही. ती सरळ उठून लॅपटॉपशी गेली. बाबांनी रोज दाबूनही शून्य, तर नोंदी जातात कुठे? एकेक पान बाजूला सारत ती माझ्यापर्यंत आली आणि कपाळावर हात मारला.

"आई, चाचणीची सोडून दोनशे चौदा आहेत इथे!"

"त्यातले यांचे वजा कर."

"बाबांच्या फोनवरून सव्वीस. उरले एकशे अठ्ठ्याऐंशी."

आई खुर्चीत बसली. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. "कोण गं हे सगळे?"

"नावं नाही कळत. नुसते क्रमांक."

"नकोच कळायला. ऐकू देत बापडे." मग बाबांकडे न बघता म्हणाली, "आणि ते सव्वीस राहू देत. पण यांना विचार, त्या माकडाच्या गोष्टीचा शेवट काय?"

बाबांनी शेवट घडाघडा सांगितला, माकडाच्या आवाजासकट.

लेकीनं किल्ली बदलली आणि त्या सगळ्या नोंदी खऱ्या कप्प्यात हलवल्या. माझ्यामागे ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून मी इथेच राहिले. पुन्हा एकटी. पण वाईट नाही वाटत. रजई अजून दारावरच आहे, हे मला ठाऊक आहे.

एवढंच मागणं आहे माझं. कधी तुमच्यासमोर असं शून्य आलं, तर हात टेकण्याआधी आमचा कप्पा एकदा उघडून बघा. आम्ही कदाचित केव्हाच्या येऊन बसलेल्या असू.