तूरडाळीच्या चार शिट्ट्या

मित्रांनो, मी कुरुंद्याच्या पद्माबाईंचा पाच लिटरचा जुना कुकर. त्यांच्या लग्नात आंदण म्हणून आलो, तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. आता माझ्या कुशीला पोचा आहे आणि मुठीचा स्क्रू दर आठवड्याला ढिला होतो. पण माझ्यातल्या वरणाबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. थोडा गर्व आहे मला, असू द्या.

आमच्या घरी सकाळपासून धावपळ. पद्माबाईंचे मालक ग्यानोबा शेतात, त्यांची लेक कोमल वसमतच्या कॉलेजात आणि पद्माबाई घर-शेत दोन्हीकडे. दिवसभर कुणी कुणाच्या हाती लागत नाही. माझं झाकण उघडलं, की मात्र तिघंही वासाने ताटावर येतात.

यंदा मार्चमध्ये अंगणात हळद शिजवायचं मशीन आलं. वाफेवर चालणारं, चार ड्रमांचं. त्यालाही सगळे कुकरच म्हणू लागले! मला ते मुळीच आवडलं नाही. त्यात तो दांडगा वाफ सोडताना माझ्यासारखीच शिट्टी मारायचा.

एका दुपारी हळदीच्या कामावरची नऊ माणसं जेवायची होती. पद्माबाई अंगणातल्या चुलीवर भाकरी थापायला बसल्या आणि परीक्षेसाठी घरी असलेल्या कोमलला म्हणाल्या, "डाळ चढवली हाय. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर."

कोमलने पुस्तकातून डोकं न काढता चार मोजल्या आणि गॅस बंद केला. मी तर अजून एकही मारली नव्हती!

माणसं जेवायला बसली. पद्माबाईंनी झाकण काढून पळीने डाळ दाबली, तर ती टणक. पहाटेपासून राबलेल्या माणसांपुढे कोरडी भाकरी ठेवायची वेळ आली. त्यांचा चेहराच उतरला.

"ह्याच्यात आता दम राहिला न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्याच मोडीत घाला ह्याला."

ग्यानोबांनीही होकारार्थी मान हलवली. मला बोलता येत नाही, म्हणून काही चूक नसताना मोडीत जायचं?

तेवढ्यात बाहेर मशीनची शिट्टी झाली. कोमल दचकली.

"माय, ह्याची चूक न्हाई," ती हळूच म्हणाली. "म्या त्या मशीनच्या शिट्ट्या मोजल्या."

सगळे हसत सुटले. मशीनवाले वसराम हात झटकून उठले. "काहून त्याला मोडीत घालून राहिल्या वैनी? थांबा, मशीनच बंद करतो."

मला पुन्हा गॅसवर चढवलं. नऊ माणसं दारात चिडीचूप उभी राहिली. माझी पहिली शिट्टी झाली आणि सगळे ओरडले, "एक!" मी असा फुशारलो, की चौथ्या शिट्टीला वरणाचा फवारा थेट भिंतीवर गेला.

लसणाची फोडणी पडली. वसरामांनी तीनदा वरण मागून घेतलं. पद्माबाईंनी पदराने माझं झाकण पुसलं. "चुकलं रे बाबा माझं," असं त्या मला म्हणाल्या. मला! मी आनंदाने भरून पावलो.

मित्रांनो, आम्हा जुन्या कुकरांची रबरी रिंग वेळेवर बदला, शिट्टीचं भोक सुईने साफ ठेवा. आणि डाळ कच्ची निघाली, तर आम्हाला मोडीत घालण्याआधी एवढं नक्की विचारा, की शिट्ट्या कुणी मोजल्या?