तातेरावांच्या दुकानाचा ठराव

माळतोंडीच्या सरपंच उषाबाई आणि बिअर शॉपीवाले तातेराव यांचं व्याहीपण ठरलं दिवाळीनंतर, आणि तातेरावांचं दुकान रस्ता रुंदीकरणात जाणार हे कळलं संक्रांतीला. हेच उलटं झालं असतं तर उषाबाईंची झोप शाबूत राहिली असती.

दुकान होतं मंठा रोडला, गावाबाहेर. तिथं असेतोवर कुणाची तक्रार नव्हती. ज्याला लागायची तो जायचा, ज्याला नको तो तिकडं बघायचा नाही. आता तातेरावांनी दुकान हलवायचं ठरवलं ते थेट एसटी स्टँडाला लागून बांधलेल्या आपल्या नव्या गाळ्यात. जागा बदलायची तर परवाना पुन्हा तपासला जाणार, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे. ग्रामसभेच्या अध्यक्ष उषाबाई. लेक अर्पिता तातेरावांच्या आदिनाथला दिलेली, लग्न दीड महिन्यावर. सगळं गाव मजा बघायला टपलेलं.

सभेच्या आदल्या दिवशी तातेराव स्वतःच्या बागेतली पिशवीभर मोसंबी घेऊन आले. माणूस धिप्पाड, बोलणं मोकळं, हसले की अंगण भरून जायचं.

"इहीनबाई, उद्याचं बराबर हाय ना?"

"सभा तर हाय," उषाबाई म्हणाल्या.

"सभेचं न्हाई, ठरावाचं म्हणून राह्यलो. आपलं घरचंच काम हाय. सरकारमान्य धंदा हाय, चोरून काय करून राह्यलो का? अन् मी स्वतः थेंबाला शिवत न्हाई, गावाला ठावं हाय."

ते खरंच होतं. तातेराव उसाचा रससुद्धा आधी वास घेऊन प्यायचे.

"इवाई, स्टँडावर कॉलेजच्या पोरी उभ्या राहतात."

"राहू द्या की! माझं गिऱ्हाईक लई सभ्य. घेतंय अन् जातंय."

उषाबाईंनी चहाची कपबशी पुढं केली. तातेरावांनी त्या चहाचा आपल्याला सोयीचा अर्थ लावला आणि खुशीत निघून गेले.

अर्पिता जालन्याहून सुट्टीला आली होती. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. मोसंबी सोलता सोलता ती म्हणाली, "आई, उद्या माझ्यासाठी गप बसू नको."

"तुला त्याच घरी नांदायचंय, बाई."

"म्हणूनच. आज तू गप बसलीस, तर मंग मला तिथं जन्मभर गप बसावं लागंल. आदिनाथलाबी दुकान तिथं नकोय. वडलांपुढं बोलायची छाती होत न्हाई, इतकंच."

"मंग कसला नवरा निवडलास गं!" उषाबाई म्हणाल्या, आणि मायलेकी खळखळून हसल्या. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना हसू आलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं तर लोक लेकीलाच बोट दाखवतात, बाटलीला कोण दाखवतंय?

सकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. एरवी बायका पाचदहा यायच्या. आज पुढची सगळी सतरंजी त्यांनीच अडवली होती. पुरुष मागं लिंबाखाली उभे. कामकाज सुरू झाल्या झाल्या उषाबाई खुर्चीतून उठल्या.

"हा विषय माझ्या इवायाचा हाय. तवा या विषयापुरती मी खुर्चीत बसणार न्हाई. उपसरपंचांनी बसावं."

उपसरपंच पुंजाराम दचकले. ते तातेरावांचं जुनं आणि नेमानं येणारं गिऱ्हाईक. खुर्चीत बसले तर समोर, अगदी नाकासमोर, त्यांच्या कारभारीण गिरिजाबाई मांडी घालून बसलेल्या.

"तर विषय असा," पुंजाराम घसा खाकरत म्हणाले, "का दुकानाची जागा बदलायची हाय. कुणाला काही बोलायचं असलं तर बोला. नसलं तर..."

"असलं!" गिरिजाबाई म्हणाल्या. सतरंजी हसली.

उषाबाई बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. "मी सरपंच म्हणून न्हाई, गावची एक बाई म्हणून बोलून राह्यले. तातेराव सरळ माणूस हाय, त्यांच्यात खोट न्हाई. दुकान बंद करा असंबी मी म्हणत न्हाई. पण स्टँडावर नको. तिथं आपल्या लेकीबाळी तास तास बसची वाट बघतात. शेजारी दुकान आलं, तर पहिल्या महिन्यात पोरींचं कॉलेज बंद होतंय, दुकान न्हाई. माझा या जागेला विरोध हाय."

मग सगळ्या माना वळल्या त्या तातेरावांकडं नाही, तर सतरंजीच्या कडेला बसलेल्या त्यांच्या बायकोकडं. बेबीनंदाबाई चारचौघांत कधी तोंड उघडायच्या नाहीत. त्या सावकाश उठल्या, पदर खोचला.

"इहीनबाई अर्धंच बोलल्या," त्या म्हणाल्या.

झालं, उषाबाईंना वाटलं, मोडलं लग्न.

"गाळा बांधायला काढला तवा हे मला काय म्हणाले होते? तुला शेवयाची मशीन टाकून देतो. मी भिताडाला पाणी मारलं, रोज, सकाळ संध्याकाळ. आता तिथं बाटल्या मांडतात व्हय? माझाबी विरोध हाय."

"बेबी," तातेराव मागून दबक्या आवाजात म्हणाले, "घरी बोलू की."

"घरी बोलूनच दोन वर्सं गेली!"

मग जे हसू फुटलं त्यात लिंबावरचे कावळे उडाले. पुंजारामांनी टेबल वाजवून वाजवून सभा ताळ्यावर आणली आणि हात वर करायला सांगितले. विरोधात सगळी सतरंजी वर झाली. बाजूनं लिंबाखालून चारपाच हात उठले. त्यातले दोन आपल्या घरच्या बाईशी नजरानजर होताच डोकं खाजवून खाली आले.

"अध्यक्षाचं मत बराबरी झाली तरच," पुंजाराम घाईनं म्हणाले.

"होत न्हाई बराबरी," गिरिजाबाई म्हणाल्या. "लिहा नामंजूर."

संध्याकाळी तातेराव आणि बेबीनंदाबाई उषाबाईंच्या दारात आले. उषाबाईंचे मालक रखमाजी नुकतेच शेतातून आले होते. त्यांनी निमूट बाज ओढली. तातेराव बाजेवर टेकले.

"राग आला," ते म्हणाले. "लई आला. दुपारी जेवलो न्हाई."

"दोनदा जेवले," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

तातेरावांना हसू आवरेना. "ते जाऊ द्या. पण इहीनबाई, तुमी पाठीमागून न्हाई, तोंडावर बोललात. पाठीमागून बोलणाऱ्याची लेक मी घरात आणली नसती. तारीख तीच राहील. फक्त आता दुकान कुठं न्यावं, एवढं सांगा."

"ओढ्यापलीकडं तुमचं वावर हाय ना रोडला लागून? तिथं न्या. पहिला हात माझा."

"बिलकुल?"

"बिलकुल."

अर्पितानं चहा आणला. आदिनाथ बाहेर मोटारसायकलवर बसून होता, आत यायचं धाडस त्याला तेव्हा कुठं झालं. सासऱ्यानं होणाऱ्या सुनेला विचारलं, "ह्याला बोलायला शिकवशील का?" ती म्हणाली, "शिकवून राह्यले."

पुढच्या सभेत ओढ्यापलीकडची जागा निघाली. उषाबाई पुन्हा खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या आणि खरंच पहिला हात त्यांनीच वर केला. गिरिजाबाईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं, थोडा विचार केला आणि आपलाही हात उचलला. "लांब हाय ते बरंच हाय," त्या खुर्चीतल्या नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "तेवढंच चालणं होईल."

लग्न ठरल्या तारखेला झालं, दणक्यात झालं. वरातीत सगळ्यात जास्त नाचल्या त्या दोघी इहिणी, आणि त्यांना आवरता आवरता दोघा इवायांची पुरती दमछाक झाली.