अंबूबाईंचा पट्टा

अंबूबाईंचं पोस्टकार्ड येऊन वर्ष होत आलं, तरी दादासोंनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. कवठे महांकाळच्या अंबूबाईंनी नातीकडून लिहून घेतलं होतं, 'तुमच्या पंपाचा पट्टा खांद्याला लय काचतो. डाळिंबावर फवारताना सारखा उतरून ठेवावा लागतो.'

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दादासोंचा फवारणी पंपांचा छोटा कारखाना होता. कार्ड वाचून ते एवढे ओशाळले, की भरलेला पंप पाठीवर घेऊन स्वतःच आवारात हिंडले. मग सगळ्याच पंपांना रुंद, मऊ गादीचा पट्टा लागला. उत्तर मात्र राहिलं. लिहायला बसायचे, दोन ओळी लिहून कागद फाडायचे. चूक तर सुधारली, आता वेगळं काय लिहायचं, अशी मनाची समजूत घालायचे.

यंदा हंगाम तोंडावर आला तरी कवठे महांकाळहून मागणी येईना. तो तालुका गेला तर कारखान्यातली दोन माणसं कमी करावी लागणार होती. दादासो एस.टी.नं तिथल्या दुकानदाराकडं, सूरजकडं गेले.

"पट्टा झ्याक हाय," सूरज म्हणाला. "पर लोक म्हनत्यात, अंबूबाईला सादं उत्तर न्हाई दिलं, उद्या आमचा पंप बिगडला तर कुनाला हाक मारायची?"

"अरे, त्यांच्यामुळंच तर पट्टा बदलला."

"आवं, मग त्ये तिला ठावं हाय का?"

दादासो चष्मा पुसत राहिले.

"पलीकडच्या गल्लीत ऱ्हाती. चला की."

"नको. लिहितो मी."

"कारखानदार म्हातारीला भ्याला व्हय?" सूरज हसला. "लिवा तर लिवा. तिचं मन वळलं की गाव वळंल."

घरी विजयमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लग्न ठरल्यावर माझ्याही पत्राला तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. मी आपली नांदायला आले. अंबूबाई कशाला येतील?"

त्या समोर बसून राहिल्या, म्हणून कागद फाटला नाही. 'आपल्या कार्डामुळे आम्ही पट्टा बदलला. हे तेव्हाच कळवायला हवं होतं. सोबत नवा पट्टा पाठवतो आहे. बसला नाही तर कळवा, लगेच उत्तर देईन.'

"लगेच?" विजयमालाबाईंनी भुवई उंचावली. "त्यापेक्षा लिहा, यापुढं पत्रं आमच्या घरातून बघतील. मीच बघते."

दादासोंनी मुकाट्यानं तसं लिहिलं, पट्ट्याबरोबर कागद बांधला आणि पोस्टाच्या खिडकीत पुडकं सरकवलं.