मनात बेतलेले शर्ट

"डोळे मिटा काका. हात जराही हलवायचा नाही. समोर पेला आहे, तो उजव्या हातानं उचलताय, एवढंच मनात बघा."

तीन महिने रोज सकाळी फोनवर ऐकलेला हा आवाज मास्तरांच्या कानात इतका मुरला होता, की आज दवाखान्यात संशोधनाच्या त्याच बाई समोर बसून नुसतं "कसे आहात?" म्हणाल्या, तरी त्यांचे डोळे आपोआप मिटले.

मास्तर म्हणजे शर्टाचे कटिंगमास्तर. चाळीस वर्षं कात्री चालवली आणि पक्षाघाताच्या एका झटक्यात उजवा हात लुळा पडला. दुकान मुलाकडे गेलं. त्याला कटिंगच्या टेबलाच्या जागी तयार कपडे मांडायचे होते. मास्तरांनीच शब्द दिला होता, "दवाखान्याचा हा अभ्यास संपेपर्यंत थांब. तोवर कात्री धरवली नाही, तर टेबल मी स्वतः मोकळं करून देईन."

आज शेवटची मोजणी. अंगठा तळव्यापासून दोन बोटं सुटला.

"अहो काका, गटात सगळ्यांत जास्त! रोज पेला उचललात ना?"

"दोन दिवस उचलला, बाई. रिकामा पेला माणसानं किती वेळा उचलावा? मग रोज मनात एक शर्ट बेतला. पाठ, मुंढा, कॉलर, सगळं."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे नेमून दिलेला सराव केलाच नाहीत? मग तुमची नोंद धरता येणार नाही."

"हात तर उघडला की."

"उघडला हो." त्या खाली बघत म्हणाल्या, "हल्ली संशोधनाचा कल तिकडेच आहे. ज्याचं त्याचं काम मनात करायला लावायचं. पुढच्या महिन्यात तसाच अभ्यास सुरू होतोय. पण एकदा घेतलेला माणूस पुन्हा घेता येत नाही."

बाहेर बाकावर मुलगा होता. सगळं ऐकून तो उसळला. "पेला उचलला म्हणायला काय जीभ झडली असती, बाबा? सत्याचे पुतळे!"

"तुझं काय अडलं त्यात?"

मुलानं त्यांच्या उजव्या हाताकडे बघत हळूच विचारलं, "कात्री धरवते?"

"नाही."

दुकानात आल्यावर मुलगा म्हणाला, "राहू द्या बाबा. टेबल हलवायला उद्या माणूस बोलावतो."

डाव्या हातानं टेबलाचा खण ओढून मास्तर आतले खडू एकेक करून डब्यात ठेवायला लागले.