नख उमटणारी शिला

त्या रविवारी सुकापूरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. बँकेतले, आयटीतले, सासूला व्हीलचेअरवरून आणलेले, सगळे एका हिरवट-राखाडी दगडावर नख मारायला रांगेत उभे होते.

"ही शिला हिमालयातून स्वतः चालत आली," शिलानाथ महाराज सांगत होते. "माणूस शुद्ध असेल तर लोणी, नसेल तर वज्र."

हायवेवरच्या पळस्पे फाट्यावर ती कोणत्या लेनने वळली, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझं नख उमटलं होतं ना! मग चार दिवस मी भेटेल त्याला तेच सांगत होतो.

आमच्याकडे दगड म्हणजे काळा कातळ. पाटा, पायरी, विहिरीचा काठ. दगडावर नख उमटतं म्हटल्यावर आमच्या पदव्या चपलांबरोबर बाहेरच राहिल्या.

महाराज प्रत्येकाला आधी विचारत, "औषधं चालू आहेत?" मग शिलेवर शाल टाकून काहीतरी पुटपुटत आणि शाल काढून मांडीवर घेत. औषधं नसणाऱ्याचं नख उमटे, गोळ्या घेणाऱ्याचं घसरे. "रक्तात विष साठलंय. गोळ्या बंद, ही भस्माची पुडी चालू."

आमच्या इमारतीत शशिकला मासळी घेऊन येते. तिचा नवरा काशिराम टीबीचा पेशंट. दोन महिने गोळ्या घेऊन ताप उतरला होता, तो पुन्हा होडीवर जाऊ लागला होता. महाराजांकडे त्याचं नख घसरलं.

महिन्याभराने तिसऱ्या मजल्यावरच्या चारुताने बोंबील निवडताना त्याची चौकशी केली. चारुता कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते.

"परत खोकतोय. पन गोल्या बंद हायत, बाई. शिला नाय म्हनली."

चारुताने पुडीतलं भस्म बोटांत चोळलं. "शशिकला, ही कॅरमवर टाकतात ती पावडर आहे गं."

पुढच्या रविवारी चारुता रांगेत होती.

"औषधं?"

"थायरॉइडची गोळी."

शाल पडली, उठली. चारुताचं नख घसरलं. ती हलली नाही.

"आता तुम्ही मारा, महाराज. तुमच्याइतकं शुद्ध इथे कोण आहे?"

"शिलेची परीक्षा घेतेस, बाळ?"

"शिलेची नाही," म्हणत तिने त्यांच्या मांडीवरची शाल ओढली. दुसरा दगड फरशीवर घरंगळला. अगदी तसाच. त्यावर तिचं नख सहज उमटलं, थायरॉइडच्या गोळीसकट.

"दोन्ही रूपांतरित खडक," ती वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "जमिनीखाली खोलवर उष्णता, दाब आणि गरम पाणी यांनी जुना खडक न वितळताच बदलतो. चुनखडीचा संगमरवर होतो, चिखलाच्या खडकाची पाटी होते. पाटीसारखे काही थराथरांनी सुटतात, संगमरवरासारख्यांना थर नसतात. अशी त्यांची वर्गवारी. हा मऊ दगड म्हणजे शंखजिरे, नखाहून मऊ; कॅरमची पावडर याचीच. समोर मांडलेला तो सर्पेंटाइन, त्याच घराण्यातला, पण नखाला न जुमानणारा. आपल्याकडचा कातळ थंड झालेल्या लाव्हाचा, म्हणून हे तुम्ही पाहिले नव्हते. आणि भस्म म्हणजे तुमच्याच नखांनी निघालेला या मऊ दगडाचा भुगा."

"मॅडम," मागून एकजण म्हणाला, "पण माझ्या सासूचे गुडघे दुखायचे थांबले होते हो."

महाराज मागच्या दाराने गेले. सेक्रेटरींनी चारुतालाच सुनावलं, लोकांच्या भावना दुखावल्या म्हणून.

चारुता काशिरामला दवाखान्यात घेऊन गेली. त्याचे जंतू आता जुन्या गोळ्यांना दाद देत नाहीत. नव्या गोळ्या जास्त दिवसांच्या आहेत, त्याही लागू पडतील याची खात्री नाही. एक फुप्फुस कामातून गेलंय. होडी विकायला काढलीय.

परवा शशिकला लिफ्टपाशी भेटली. महाराजांना तिने एक शिवीही दिली नाही. टोपली खाली ठेवून एवढंच म्हणाली, "दादा, त्यांच्याकडं जा म्हनून तुमीच सांगितलेलं ना?"

मी सांगितलं होतं. सुरमई घेताना, नख दाखवून.

म्हणून हे लिहितोय. कोणी अद्भुत काही दाखवलं तर ते शालीशिवाय पुन्हा करून दाखवायला सांगा. आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, सांगणारा महाराज असो, नाहीतर माझ्यासारखा शिकलेला शेजारी.