न फाटणारा आवाज

"फाटून राहिला," हिरासिंग म्हणाला आणि सवयीने त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका, बापू! फाटायलाच पायजे तो," शितलने बापाचा हात बाजूला सारला.

नांदेडच्या त्या वाद्यांच्या दुकानात दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. समोर दोन अँप्लिफायर होते, किमतीने जवळपास सारखे. एक कोराकरकरीत, ट्रान्झिस्टरचा, चेहऱ्याने सज्जन. दुसरा हैदराबादहून आलेला, कुणीतरी वापरून विकलेला, जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याच्या पुढच्या कापडी जाळीला चीर पडली होती आणि कुणीतरी ती काळ्या दोऱ्याने शिवली होती. शितलने या दुसऱ्याचं गेनचं बटण शेवटपर्यंत पिळलं. गेन म्हणजे बाहेर पडण्याआधी आवाज आतल्या आत किती फुगवायचा, ते. तिने गिटारची जाड तार छेडली आणि हिरासिंग एक पाऊल मागे सरकला. ड्रम वाजवणारा कुलदीप मात्र देवळात उभं राहावं तसे डोळे मिटून उभा होता.

दोन हजार पाचचा डिसेंबर होता. शितल नांदेडलाच इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. वर्गातल्या तिघांबरोबर तिने मेटल बँड, म्हणजे फाटक्या गिटारींच्या धडाक्याच्या रॉकचा बँड, काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं राखरांगोळी. ते ऐकून तिच्या आईने, जिवनबाईने, कपाळाला हात लावला होता. "दुसरं नाव न्हाई भेटलं व्हय गं तुला?" असं तिने चारचारदा विचारलं होतं. हिरासिंगला नावाचं काही नव्हतं. तांड्यावरची पोरगी इंजिनियर होतेय आणि वर वाद्यही वाजवतेय, याचाच त्याला अभिमान होता. म्हणून तर तिने "अँप्लिफायर निवडायला तुमी या" म्हटल्याबरोबर तो आपलं लाउडस्पीकरचं दुकान बंद करून कळमनुरीहून निघाला होता.

आणि त्याला नाही बोलवायचं तर कुणाला? कळमनुरी, सेनगाव, हिंगोली, कुठंही लग्न असो, सप्ता असो, पुढाऱ्याची सभा असो, भोंगा हिरासिंगचा. दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली त्याने रंगवून घेतलं होतं, 'आवाज फाटणार नाही'. बंद पडलेली मशीन घेऊन लोक साखऱ्याहून, पुसेगावहून यायचे आणि हिरासिंगने 'गेली' म्हटलं की ती गेली. दुसऱ्याला दाखवण्याची कुणाची छाती नव्हती आणि गरजही नव्हती.

पण त्या पाटीमागे एक दुखणं होतं. धंदा नवा असताना साखऱ्याच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकात त्याचा भोंगा फाटला. नवरीच्या मामाने भर मांडवात हसून म्हटलं, "हिरासिंग, बकरी कोंडली का रे आत?" मांडव खदखदला. पुढं वर्षभर लोक त्याला 'फाटका हिरासिंग' म्हणायचे. ते नाव पुसायला त्याला पाच-सहा वर्षं घासावं लागलं.

आता यंदाचा विद्यापीठाचा युवक महोत्सव नेमका हिंगोलीत होता. राखरांगोळी तिथं वाजवणार होती. निम्मा जिल्हा ओळखीचा. त्या गर्दीत हिरासिंगची लेक उभी राहणार आणि तिच्या अँप्लिफायरमधून हा असा आवाज निघणार, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

चहाला म्हणून तिघं दुकानाबाहेर आले. कुलदीपने विषयच संपवल्यासारखं म्हटलं, "काका, तो व्हॉल्व्हचाच घेऊ. एवढा गेन दुसऱ्या कशात भेटत न्हाई."

हिरासिंगने मागचं झाकण उघडून दोन्ही मशीन आतून पाहिल्या होत्या. जुन्याचा ट्रान्सफॉर्मर असा होता की आणखी तीस वर्षं मान टाकणार नाही. कुणीतरी जीव लावून बनवलेली वस्तू होती ती, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं होतं. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर जायला आलाय त्याचा."

"म्हंजे?"

"जळका वास येऊन राहिला आतून. ऐन प्रोग्रामात बसला तर काय करता?"

कुलदीपने शितलकडे पाहिलं. शितलने क्षणभरही विचार केला नाही. "मग नको. बापूनी सांगितलं म्हंजे विषय संपला."

तिने एक उलटा प्रश्न विचारला असता, तरी हिरासिंग सावरला असता. पण तिने विचारला नाही. नवा कोरा अँप्लिफायर रिक्षात ठेवून ती हसत निघून गेली आणि तो बसस्टँडवर उभा राहिला, तेव्हाच त्याला आत कुठंतरी टोचायला लागलं. एका फाटक्या आवाजापासून लेकीला वाचवलं, असं तो स्वतःला कळमनुरी येईपर्यंत समजावत राहिला.

महोत्सवाच्या दिवशी तो पांढरा फेटा बांधून तिसऱ्या रांगेत बसला. राखरांगोळीने सुरुवात केली. ड्रम कडाडले, गाणारा पोरगा जीव खाऊन ओरडला आणि त्यांच्यात शितलची गिटार कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. तिने पायाखाली एक छोटी डबी ठेवली होती, आवाज फाडायची. पण त्या सज्जन मशीनमधून डबीचा आवाज डास गुणगुणल्यासारखा येत होता. ती वाकून वाकून बटणं पिळत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, हळदीचं गाणं म्हना!" लोक हसले. शितलने मान वर केली नाही. शेवटपर्यंत वाजवलं, एकही सूर न चुकता, आणि ते एकट्या हिरासिंगलाच ऐकू आलं, कारण त्याचा कान तसा होता.

पुढचा बँड दुसऱ्या कॉलेजचा. त्यांनी अँप्लिफायर आणून ठेवला आणि हिरासिंगने काळ्या दोऱ्याची शिवण ओळखली.

त्यांच्या पोराने तार छेडली. तांड्यावर होळीला डफ शेकून ताणतात आणि पहिली थाप छातीत बसते, तसा तो आवाज बसला. फाटलेला होता, पण तुटलेला नव्हता. जन्मभर ज्या गोष्टीला तो बिघाड समजत आला, ती कुणीतरी जाणूनबुजून, मेहनतीने घडवलेली होती. पोरं उभी राहून नाचायला लागली. ट्रान्सफॉर्मर अर्थातच बसला नाही.

कार्यक्रमानंतर शितल त्याच्याजवळ आली. डोळे लाल होते. तिनेही ती शिवण पाहिली होती.

"बापू, त्यांनी ट्रान्सफॉर्मर बदलून घेतला असंल, न्हाई?"

बापाची अब्रू राहावी म्हणून तिने वाट काढून दिली होती असं नव्हे. तिला खरंच तसं वाटत होतं. हिरासिंगला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"असंल," तो म्हणाला.

संक्रांतीला ती घरी आली ती गिटार न घेताच. कुलदीपने तिच्या जागी दुसरा पोरगा घेतला होता. जेवताना तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. "तो म्हणला, शितल, तुजा हात हलका हाय, मेटलला जोर लागतो. खरंच असंल, बापू. माज्याच हातात जोर न्हाई." आणि आपला उजवा हात उलटासुलटा करून ती पाहत बसली.

आता बोलावं, आत्ता, असं हिरासिंगच्या मनात आलं. पण तो तिळाची पोळी मोडत बसला. ती दोन दिवस राहिली आणि परत गेली.

त्यानंतर त्याचं कामात चित्त लागेना. गिऱ्हाईक मशीन आणायचं, तो म्हणायचा, "हिचं काई खरं न्हाई", गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि ती मान डोललेली त्याला बघवत नसे. एकदा तर त्याने माणसाला सांगितलं, "माज्या एकट्याच्या बोलण्यावर जाऊ नका, दुसऱ्यालाबी दाखवा." तो माणूस थट्टा समजून हसला.

शेवटी त्याने जिवनबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला.

"पोरीला खोटं सांगितलं?"

"व्हय."

"काहून?"

"लोक हासतील म्हणून."

"मंग हासले का न्हाई? तिला हासले," जिवनबाई म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "मला सांगून काय फायदा? जिला फसवलं तिला सांगा."

सांगायला मोकळ्या हाताने जाण्याची त्याला हिंमत होईना. रेडिओच्या जमान्यातले काही व्हॉल्व्ह त्याने कापसात गुंडाळून ठेवले होते, ते काढले. आजवर आवाज चढू नये म्हणून त्याने प्रत्येक मशीनमध्ये लगाम घातला होता. आता त्याने लगाम सोडला. एका टप्प्याचा फुगलेला आवाज दुसऱ्या टप्प्यात ओतला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. पहिल्यांदा नुसती शिट्टी वाजली. मग घरघर. शेजारचा किराणावाला येऊन विचारून गेला, "हिरासिंगभाऊ, काई बिघडलं का?" पाटी तिथंच होती, आणि आतून दीड महिना दिवसभर फाटका आवाज येत होता. लोक थांबायचे, एकमेकांकडं बघायचे. त्याने दार लावून घेतलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी तो मशीन मांडीवर घेऊन बसने नांदेडला गेला. मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात शितल आली. मशीनवरचं फडकं तिने उचलायच्या आधीच त्याने तिचा हात धरला.

"आधी ऐक, माय. त्या जुन्या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला काईच झालं नव्हतं."

तिला कळायला वेळ लागला. "जळका वास?"

"नव्हता."

"तुमाला तवाच माहीत होतं?"

"व्हय."

"मी म्हणलं माज्या हातात जोर न्हाई, तवाबी?"

"व्हय," हिरासिंग म्हणाला. पुढं साखऱ्याचं लग्न, नवरीचा मामा, फाटका हिरासिंग हे सगळं सांगायचं त्याने बसमध्ये ठरवलं होतं. त्यातलं काहीही तिच्यासमोर उच्चारण्याजोगं राहिलं नव्हतं. "चुकलं माजं. तुज्या हाताला काई झालेलं न्हाई. हे मी तुज्यासाठी बनवलं. फाटते. बराबर फाटते."

शितल रडली नाही, चिडलीही नाही. तिने फडकं बाजूला केलं, मशीन सगळ्या बाजूंनी पाहिली. जोडणी सुंदर होती, तारा वेणीसारख्या एकसारख्या बांधलेल्या. हिरासिंग तिच्या तोंडाकडं बघत होता.

"सगळं तपासलंय मी," तो म्हणाला. "काई भेव न्हाई."

शितलने फडकं पुन्हा नीट घातलं.

"असू द्या. आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमला दाखवते," ती म्हणाली. "मंग वाजवते."

ती रागाने बोलली नव्हती. साधं, कुणाही अनोळखी मेकॅनिकच्या मशीनबद्दल बोलावं तसं बोलली होती. त्याला वाटलं होतं की ती ओरडेल, नाहीतर मिठी मारेल. त्यासाठी तो तयार होता. यासाठी नव्हता.

"दाखव," तो म्हणाला. "दाखवायलाच पायजे."

तो उचलायला वाकला, पण तिने मशीन आधीच उचलली होती. वजन झेपत नव्हतं, तरी ती तशीच आवारातून प्रयोगशाळेकडे चालत गेली. फाटकाजवळच्या बाकावर हिरासिंग बसला.

तास झाला. फाटकावरची पहारेकरीण नीलाबाई त्याच्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, कळमनुरीची गाडी हुकंल ना तुमची."

"हुकू द्या बाई," हिरासिंग म्हणाला. "मॅडम काय म्हणतात ते ऐकल्याबिगर कसा जाऊ?"

त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला आणि प्रयोगशाळेच्या दाराकडे पाहत बसून राहिला.